आधी सुट्ट्या मोजा, मग बी पेरा: शाळेत बागमंडळ सुरू करणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपवून शाळेचं फाटक उघडलं, तर बागेत दोन शेळ्या निवांत रवंथ करत बसल्या होत्या. वांग्याची नुसती खोडं उरलेली, टोमॅटोच्या काटक्या झालेल्या आणि वाफ्यात लेंड्यांचा सडा. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या शाळेतलं माझं ते पहिलं वर्ष. जूनमध्ये उत्साहाच्या भरात चौदा प्रकारची झाडं लावली होती, आणि नेमकी फळं धरायला लागली तेव्हा शाळेला कुलूप लागलं. शेळ्यांवर रागवण्यात अर्थ नव्हता. फाटकाची खालची फळी निखळलेली मला ऑगस्टपासून माहीत होती.

पुढे बदली होऊन पाटणच्या डोंगरात गेले, तिथून कोरेगावकडे आले. प्रत्येक शाळेत बाग केली, प्रत्येक ठिकाणी काही ना काही बिघडवलं. आता नवे शिक्षक, कधी एखादे उत्साही पालक विचारतात, "बाई, खत कोणतं घालू?" मी उलट विचारते, "सुट्ट्यांची यादी काढलीत का?"

यादी आणि लाल पेन

शेतकऱ्याचं वर्ष मृगाला सुरू होतं, शाळेचंही जूनच्या मध्याला. इथपर्यंत दोघांचं जमतं. पण शेतकरी ऐन पिकात पंधरा दिवस शेताकडे पाठ फिरवत नाही आणि आपण फिरवतो. म्हणून पहिलं काम असं: वर्षाच्या सुट्ट्यांची यादी भिंतीवर लावायची, लाल पेनने दिवाळीची सुट्टी आणि मे महिना चौकटीत घ्यायचा, आणि तिथून मागे मोजायला बसायचं. हे मुलांकडूनच करून घ्या. दिवाळी दरवर्षी एका जागी नसते हेही त्यांना तिथेच कळतं. २०२५ ला ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. बागेच्या हिशोबाने हे अडीच आठवडे फार मोठे आहेत. भेंडीचे सात-आठ तोडे त्यात बसतात.

आता पिकांचे दिवस. मेथी २५ ते ३० दिवसांत उपटायला येते. पालकाची पहिली कापणी साधारण ३५ दिवसांनी, पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. मुळा ४५, कोथिंबीर ४० ते ४५. भेंडीची पहिली तोडणी ४५ ते ५० दिवसांनी आणि मग दीड-दोन महिने एक दिवसाआड. गवार-चवळीला दोन महिने धरा. वांगं मात्र घोळ घालतं. रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे, लावल्यावर फळ यायला आणखी दोन-अडीच महिने. जूनमध्ये बी टाकलं की पहिलं वांगं दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे शेळ्यांच्या वाट्याला.

त्यामुळे माझं वेळापत्रक आता ठरून गेलंय. जून ते दिवाळी या काळात भेंडी, चवळी, गवार, कुंपणावर दोडका किंवा कारलं, आणि घेवडा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या दाण्यावर वाघासारखे पट्टे असतात आणि नुसते ते दाणे तळहातावर ठेवले तरी पहिलीची पोरं गोळा होतात. तो दोन-अडीच महिन्यांत होतो, म्हणजे आपल्या चौकटीत बसतो. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, आणि वांगी-टोमॅटोची रोपं रोपवाटिकेतून तयार आणून लावायची. कृष्णाकाठच्या वांग्याची मुलांना घरी सवय असतेच, तेच लावा. फेब्रुवारीनंतर मेथीखेरीज नवीन काही पेरायच्या भानगडीत पडू नका.

सांगलीकडच्या शाळांना हळदीचा मोह होणारच. ती आठ-नऊ महिने जमिनीत राहते आणि मे महिन्यात लावतात, तेव्हा पूर्ण वाफा देऊ नका. शाळा उघडल्या उघडल्या कोपऱ्यात चार-पाच गड्डे लावून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत तिला फारसं काही होत नाही आणि मार्च उजाडला की खणून काढताना जो आरडाओरडा होतो त्यासाठी ते चार गड्डे वसूल आहेत.

परवानगी, जागा आणि तीन वाफे

मुख्याध्यापक तोंडी "करा की" म्हणतात. तेवढ्यावर थांबू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या, त्यात जागा आणि पाणी या दोन गोष्टी लिहून घ्या. उद्या त्याच जागेवर कुणाला मंडप घालायचा असतो किंवा वाळूचा ट्रक रिकामा करायचा असतो. कुणी "हे कशाला" म्हणालंच तर शालेय पोषण आहाराचा दाखला द्या. शाळांतल्या पोषण बागांसाठी केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत आणि जागा कमी असेल तर कुंड्या-डबेही चालतात. आणि साताऱ्यात शाळकरी पोरांनी मातीत हात घालणं काही नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधली मुलं शंभर वर्षांपूर्वी धनिणीच्या बागेत राहून स्वतःची कामं स्वतः करतच शिकत होती. हा दाखला दिला की समितीतले जुने लोक लगेच आपले दिवस सांगायला लागतात. ऐकून घ्या. त्यातलाच एखादा पुढे शेणखताची ट्रॉली पाठवतो.

जागा निवडताना ऊन पाहा. भाजीला रोज किमान सहा तास ऊन लागतं. एक दिवस मुलांना सकाळी दहाला, बाराला आणि तीनला इमारतीच्या सावलीची कड चुन्याने आखायला लावा. ज्या जागेवर तिन्ही वेळा सावली नाही, ती आपली. दुसरं म्हणजे नळ किंवा टाकी हाकेच्या अंतरावर हवी. तिसरं, वर्गातून बाग दिसायला हवी. इमारतीमागची "रिकामी पडलेली" जागा सगळे दाखवतात. तिथे बाग केली की ती पुन्हा रिकामीच पडते.

वाफे फक्त तीन. मी चौदा प्रकारांतून शिकले, तुम्ही तीनातून शिका. लांबी ३ मीटर ठेवा. रुंदी शेतातल्यासारखी मीटर-सव्वा मीटर नको, ८० सेंटिमीटरच. तिसरीतल्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर तो वाफ्यात पाय ठेवणारच. दोन वाफ्यांमध्ये दीड-दोन फुटांची वाट सोडा. आणि बी आणायच्या आधी कुंपण: जुन्या साड्या, बाभळीचे काटेरी फेस, तुराट्या, काहीही. फळी निखळली असेल तर आजच ठोका.

घात कशी ओळखायची

एकाच जिल्ह्यात किती तऱ्हेची माती! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. पाटणची तांबडी माती पावसाने वाहून जाते, कृष्णाकाठची काळी चिकटून बसते, खटावला चार बोटं खाली मुरूम लागतो. त्यामुळे पुस्तकातलं एकच माप सगळीकडे लावू नका.

आपली माती कोणती ते मुलांना बाटलीने कळतं. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती घ्यायची, वर पाणी भरायचं, जोरात हलवायची आणि खिडकीत ठेवून द्यायची. वाळू काही क्षणांत तळाला बसते, मग पोयटा, आणि चिकणमाती सगळ्यांत शेवटी. कधी कधी दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं. थर पट्टीने मोजून वहीत लिहायचे. वाळूचा थर मोठा असेल तर पाणी थोडं-थोडं आणि वारंवार, चिकणमातीचा मोठा असेल तर भरपूर पण उशिराने.

पाऊसमान जास्त असलेल्या पट्ट्यात वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, गादीवाफा. पाणी निथळून गेलं पाहिजे. माण, खटाव, जत, आटपाडीकडे उलट: वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खोल आणि कडेला बांध, म्हणजे ओतलेलं पाणी तिथंच राहतं. पाटणहून आलेल्या माणसाने कोरेगावात गादीवाफे केले आणि ते फेब्रुवारीत पापडासारखे वाळले. तो माणूस म्हणजे मीच.

सांगली-मिरज-वाळव्याच्या नदीकाठी काही ठिकाणी जमीन क्षारपड झालेली असते. सुकल्यावर मातीवर मिठासारखा पांढरा थर धरतो, ती हीच. तिथे पहिल्या वर्षी जमिनीशी झटापट नको. खताच्या रिकाम्या गोण्या स्वच्छ धुऊन त्यात बाहेरची माती आणि शेणखत भरा. जमिनीतच लावायचं असेल तर बीट आणि पालक त्यातल्या त्यात क्षार सोसतात. घेवडा अजिबात सोसत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नवे लोक पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन खणायला जातात. ओल्या काळ्या मातीत खुरपं घातलं की तिची ढेकळं होतात आणि सुकल्यावर ती विटेसारखी घट्ट बसतात. पुढचे दोन महिने त्यातून मुळं वाट काढत राहतात. माती ना ओली ना कोरडी, कामाला योग्य झाली की आपल्याकडे म्हणतात घात आली. कुणी वापसा म्हणतात. ती ओळखायची रीत मला खटावच्या एका पाचवीतल्या मुलीने शिकवली. तिने वाफ्यातली मूठभर माती घेतली, घट्ट दाबून लाडू केला, हात कमरेइतका आडवा धरला आणि लाडू सोडला. तो भप्पकन पडून चपटा झाला. "न्हाई बाई, आजून घात न्हाई." दोन दिवसांनी पुन्हा केलं, लाडू पडला आणि चार तुकडे झाले. "आता आली." लाडू वळलाच नाही, बोटांतून भुगा गळला तर आधी पाणी द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाडू करायचा. तेव्हापासून आमच्या मंडळात रोज एक जण लाडू टाकतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात "घात आहे" किंवा "घात नाही" लिहितो. "घात नाही" असेल त्या दिवशी वाफ्याला हात लावायचा नाही, मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी.

याच्याच जोडीला एक व्यावहारिक सूचना: नागपंचमीला जमीन खणायचं, कापायचं काम ठेवू नका. घरोघरी ते पाळतात. त्या दिवशी वहीत चित्रं काढा.

खत

चांगलं कुजलेलं शेणखत हाताला मऊ, काळपट आणि वास नसलेलं लागतं. ताज्या शेणाने कोवळी मुळं जळतात आणि हुमणीच्या अळ्याही त्यासोबत येतात. एका वाफ्याला दोन-तीन घमेली पुरतात. बाकी आपल्या भागात ज्याची कधी कमतरता नसते ते उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं. झाडांच्या बुडाशी चार बोटं पाचट पसरा. पाणी बरंच कमी लागतं आणि तण दबतं. कोपऱ्यात एक खड्डा करून त्यात दोन पाट्या सुका पालापाचोळा, एक पाटी भाजीची देठं-सालं, वर मूठभर माती असं थरावर थर टाकत जा. पोषण आहाराच्या मावशींना देठांची बादली वेगळी ठेवायला सांगा. शिजवलेला भात-आमटी खड्ड्यात टाकू नका, उंदीर येतात आणि उंदरामागे साप. पाचटाचा ढीगही वर्गाला लागून रचायचा नाही, त्याच कारणाने.

जीवामृत करायचं असेल तर शाळेपुरतं माप असं: १० लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा, तिसऱ्या दिवसापासून वापरा, आठवड्यात संपवा. हे बुडाशी घालायचं. कोथिंबीर, मुळा, गाजर असं कच्चं खाल्लं जातं त्यावर अजिबात नाही.

मुलं

वीस ते पंचवीस मुलं पुष्कळ झाली. चौथी ते सातवीतून घ्या आणि टोळ्या करा, सात-आठ जणांची एक, एका टोळीचा एक वाफा. टोळीत सगळ्या वर्गांची मिसळ हवी. सातवीच्या पोराला चौथीच्या पोराने प्रश्न विचारला की तो आपोआप उत्तर शोधायला घरी आजोबांकडे जातो. वार शनिवारचा, सकाळची शाळा असते, ऊन चढायच्या आत पाऊण तास मिळतो. बाकीच्या दिवशी फक्त पाळीचे दोघं दहा मिनिटं.

पहिल्या दोन शनिवारी नुसतं पाहत राहा. सगळीकडे एकच घडतं: टिकाव मुलांच्या हातात आणि पाण्याच्या बाटल्या मुलींच्या. झाडलोट कुणाकडे जाते तेही नीट पाहा. त्यावर भाषण देऊ नका. कामांच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका आणि दर शनिवारी काढा. चिठ्ठीशी कुणी वाद घालत नाही.

आणि बागकाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. गृहपाठ केला नाही म्हणून एकाला गवत उपटायला पाठवलं की दुसऱ्या दिवसापासून बागेतले बाकीचे पंचवीस जण शिक्षा भोगणारे ठरतात. हे एकदा एका सहकाऱ्याकडून झालं आणि टोळी परत गोळा करायला मला दीड महिना लागला.

जपायच्या गोष्टी थोड्या आहेत पण पक्क्या ठेवा. पायात चप्पल-बूट असल्याशिवाय वाफ्यात नाही. टिकाव मोठ्यांनी मारायचा, मुलांना खुरपं आणि लहान खोरं. खणण्याआधी काचा, खिळे वेचून घ्या. गाजरगवत मुलांनी उपटायचं नाही, त्याने अंगाला खाज आणि धाप दोन्ही लागते; ते मोठ्यांनी हातमोजे घालून, फुलं यायच्या आत काढायचं. धनुर्वाताची लस दहाव्या वर्षी दिली जाते, ती घेतली आहे का ते पालकांना विचारून ठेवा. साप दिसला तर मुलांना मागे घ्या, मारायला धावू नका. दंश झालाच तर १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

बी

पहिलं बी स्वयंपाकघरातल्या डब्यातून आणायला सांगा. मेथीदाणे, धणे, मोहरी, चवळी, मटकी. धणे आधी चपलेखाली हलकेच रगडून दोन फाका करायचे. दुकानातून भेंडीचं आणायचं तर पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला टिकणारा वाण मागा. परभणी क्रांती हा जुना आणि शाळेला पुरेसा आहे. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते शिक्षकांनीच हाताळा, उरलेलं कोंबड्यांना किंवा डाळीच्या डब्यात जाणार नाही याची काळजी घ्या.

पेरण्याआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटात २० दाणे गुंडाळून ठेवायचे आणि पाचव्या दिवशी मोजायचे, उशिरा उगवणाऱ्या धण्यांना मात्र जास्त दिवस द्यायचे. सोळा उगवले तर ८० टक्के. सहावीला शेकडेवारी शिकवायला याहून बरं उदाहरण मला मिळालेलं नाही. निम्म्याहून कमी उगवले तर ते बी बदला.

किती खोल? बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. भेंडी, चवळी, घेवड्याला बोटाचं पहिलं पेर. मुलांना "एक पेर पेरायचं" म्हटलं की विसरत नाहीत. मेथी-पालकाला नुसती मातीची चादर.

आणि इथे प्रत्येक नवा शिक्षक फसतो. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, भेंडी सहा-सात दिवस घेते, धणे आठ ते बारा दिवस. पाचव्या दिवशी मेथीच्या टोळीत जल्लोष सुरू होतो आणि धण्याची टोळी रडवेली होते. पाटणला एका टोळीने सहाव्या दिवशी सगळा वाफा बोटांनी उकरून पाहिला. दाणे नुकते फुटत होते; पांढरे केसासारखे मोड तुटून मातीत पडलेले. कुणाला रागवणार? त्यांना पाहायचं होतं एवढंच. आता पेरणीच्या दिवशीच मी प्रत्येक टोळीला काचेचा एक पेला देते. आत रद्दीचा ओला कागद गुंडाळायचा आणि कागद व काचेच्या मध्ये तेच चार दाणे सरकवायचे. जमिनीत काय चाललंय ते काचेत दिसतं. तेव्हापासून वाफा कुणी उकरला नाही, पेल्याभोवती मात्र मारामारी असते.

पाणी

तीन मीटरच्या एका वाफ्याला उन्हाळ्याच्या तोंडी रोज साधारण १० ते १२ लिटर लागतं, थंडीत एक दिवसाआड, पावसात लाडू पाहून. दहा लिटरची झारी चौथीच्या मुलाला उचलत नाही. एक-दोन लिटरच्या बाटल्यांच्या झाकणांना तापलेल्या सुईने भोकं पाडून घ्या, ते काम तुम्ही करा. पाणी सकाळी, पानांवर न ओतता बुडाशी.

दुष्काळी पट्ट्यात पिण्याच्या पाण्यातून बाग करायला लाजच वाटते, आणि वाटलीच पाहिजे. मग हात धुण्याचं पाणी पाहा. शंभर मुलं जेवणाआधी आणि नंतर हात धुतात. प्रत्येकी अर्धा लिटर धरलं तरी ५० लिटर रोज गटारात जातं. नळाखाली चर खणून ते वळवा. ताटं घासलेलं साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला नको, केळी-अळू-पपईला सोडा.

कीड

भेंडी हमखास पिवळी पडते. पानाच्या शिरा हळदीसारख्या झाल्या की तो हळद्या, आणि तो पांढऱ्या माशीने पसरतो. बरा होत नाही. झाड उपटून लांब नेऊन टाका, त्यावर रडारड होईल. पुठ्ठ्याला पिवळा रंग देऊन एरंडेल फासून काठीला टांगा. माश्या चिकटतात आणि रोज मोजायलाही मिळतात. मावा दिसला तर निंबोळी अर्क. जून-जुलैत लिंबोळ्या गळतात तेव्हाच मुलांकडून गोळा करून वाळवा. ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. दुकानातलं विषारी औषध शाळेच्या आवारात आणायचं नाही, कुणी फुकट दिलं तरी.

तोडणी

एका वाफ्यातून मेथीच्या फार तर पंधरा-वीस जुड्या निघतात. शंभर ताटांत ती भाजी चिमूटभर येते, आणि मुलांचा विरस होतो. म्हणून मावशींना सांगून ती खिचडीत किंवा आमटीत घाला आणि जेवायला बसताना कुठल्या टोळीची मेथी आहे ते मोठ्याने सांगा. पालक न खाणारी मुलं आपल्या टोळीचा पालक खातात, हे मी तिन्ही शाळांत पाहिलंय. शेजारच्या टोळीचा खातीलच असं नाही.

ताटात जाण्याआधी वजन करून वहीत लिहायचं आणि आठवडी बाजारात त्या दिवशी काय भाव होता ते विचारून गुणाकार. भेंडी एक दिवसाआड तोडाच, चौथ्या दिवशी ती काठीसारखी होते. शुक्रवारी पाहिली आणि सोमवारी तोडू म्हटलं की झालं.

कुलूप लावण्याआधी

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी बियासाठी राखलेली झाडं सोडून उरलेलं सगळं तोडून घ्या. दोडका-हळद असं जे राहणार आहे त्याला भरपूर पाणी, वर जाड पाचट, आणि बुडाशी भोक पाडलेलं मडकं पुरून त्यात वात सोडा. मडकं भरलं की चार दिवस ओल टिकते. ते भरायला शाळेजवळ राहणाऱ्या दोघा मुलांची आणि एका मोठ्या माणसाची नावं कागदावर लिहून घ्या. "आम्ही बघू की" यावर विसंबू नका. फाटक तपासा.

एप्रिलमध्ये बाग बंद करायची ती बी धरून. प्रत्येक वाफ्यात भेंडी, चवळी, घेवड्याची एक-दोन सशक्त झाडं दिवाळीच्या आधीच लाल दोरा बांधून ठेवा, त्यांच्या शेंगा कुणी तोडायच्या नाहीत. शेंगा झाडावरच वाळवायच्या, दाणे काढून दोन दिवस सावलीत, मग राखेत घोळून कागदी पाकिटात. पाकिटावर पिकाचं नाव, टोळी, तारीख. सगळी पाकिटं एका घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी मुख्याध्यापकांच्या कपाटात.

यंदा यावरून भांडण झालं. सातवीची मुलं जूनमध्ये दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाणार. त्यांचं म्हणणं, वाघ्या घेवडा आम्ही वाढवला, बी आम्ही नेणार. सहावीचं म्हणणं, वाफा शाळेचा. पाऊण तास वाद चालला, मी मध्ये पडले नाही. शेवटी त्यांनी दाणे जमिनीवर ओतले, दोन ढीग केले आणि एकेक मोजत बसले. एक दाणा शिल्लक राहिला, तो त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला.